मोटर चालू, आकडा थांबलेला

"सर, डिस्प्ले खराब निघाला, दुसरा द्या," असं म्हणत पोरं माझ्या टेबलाशी येतात. तो डिस्प्ले मी त्यांच्यासमोरच नुसत्या पाच व्होल्टवर, मोटर न जोडता चालवून दाखवतो. बहुतेक वेळा तो ठणठणीत असतो. मग पोरं एकमेकांकडे बघतात. नांदेडला तंत्रनिकेतन आहे, विष्णुपुरीला १९८१ पासूनची श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे, आता काही शाळांतही अटल टिंकरिंग लॅब आल्या आहेत. फेब्रुवारी उजाडला की प्रोजेक्टची धावपळ सुरू होते आणि जवळपास प्रत्येक प्रोजेक्टात एक फिरणारी वस्तू आणि एक दिसणारा आकडा असतोच. परीक्षकही तेवढंच बघतात. आतली वायरिंग उघडून बघणारे परीक्षक मला फार भेटलेले नाहीत.

प्रोजेक्ट टेबलावर बिघडला तर जास्तीत जास्त गुण जातात. तेच यंत्र कामाच्या जागी गेलं की गोष्ट वेगळी होते. म्हणून इथे लातूरच्या डाळमिलमधलं प्रकरण सविस्तर सांगतो.

नांदेडच्या एका पदविकेच्या गटाने एक किलोच्या पिशव्या भरायचं यंत्र केलं होतं. वर हॉपरमध्ये तूरडाळ, खाली स्क्रू, तो फिरवायला १२ व्होल्टची गिअर मोटर, तोंडाशी झडप उघडझाप करायला सर्वो, पिशवीखाली लोडसेल आणि पेटीच्या दारावर सोळा बाय दोनचा एलसीडी. हे सगळं एकाच आर्डुइनो उनोवर. टेबलावर यंत्र छान चाललं, तोंडी परीक्षाही पार पडली. मिलमध्ये नेलं आणि पहिल्याच दिवशी आकडा सहाशेच्या आसपास गोठला. मोटर मात्र फिरत राहिली. पिशवी भरली, ओसंडली, डाळ जमिनीवर पसरली आणि एका हमालाने ती अडवायला स्क्रूच्या तोंडाशी हात धरला. सुदैवाने कुणीतरी मेन स्विच पाडला.

त्यानंतर मला बोलावणं आलं. लोहा, अहमदपूर, चाकूर मागे टाकत लातूर येईपर्यंत पोरं मला गाडीत सांगत होती की डिस्प्ले बदलून पाहिला, लायब्ररी बदलून पाहिली, आता मोठा रंगीत स्क्रीन लावावा का? मिलचे मालक, त्यांना सगळे अप्पा म्हणतात, दारातच म्हणाले, "डाळ मोजायला लावलंय का उधळायला लावलंय ओ हे?" पण कामाचं बोलले ते तिथले मापाडी. त्यांचा उभा जन्म काट्यापुढे गेलेला. ते म्हणाले, "मोटर बंद असली की आकडा पळायलाय. मोटर लागली की उभा राहायलाय. ह्यात डिस्प्लेचं काय चुकलं?"

निम्मं निदान तिथेच झालं. मोटर आणि डिस्प्ले एका मायक्रोकंट्रोलरवर आले की त्यांची भांडणं बहुतेक दोनच गोष्टींवरून होतात, एक वीज आणि दुसरी वेळ. दोन्ही भांडणं दिसतात डिस्प्लेवरच, कारण माणसाचे डोळे तिथेच लागलेले असतात. कोणतं भांडण चालू आहे हे ओळखल्याशिवाय काहीही बदलू नका. ओळखायची रीत सोपी आहे. ड्रायव्हरपासून मोटरच्या दोन तारा सोडवा, बाकी सगळं तसंच राहू द्या आणि प्रोग्राम चालवा. प्रोग्रामला मोटर नाही हे कळत नाही, तो नेहमीसारखाच आदेश देत राहतो. आता डिस्प्ले नीट चालला तर दोष विजेचा. तरीही अडखळला तर दोष प्रोग्रामच्या वेळेचा. मग उलट करून बघा. मोटर जोडा आणि प्रोग्राममधल्या डिस्प्लेच्या ओळी बंद ठेवा. मोटर किंवा सर्वो आधीपेक्षा गुळगुळीत चालला तर डिस्प्ले वेळ खातोय. लातूरच्या यंत्रात दोन्ही भांडणं एकदम चालू होती, म्हणून पोरांना काही उमगत नव्हतं. एक दुरुस्त केलं तरी दुसरं उरायचं आणि वाटायचं, दुरुस्ती चुकली.

आधी विजेचं. गटाने एल२९८एन हा लाल ड्रायव्हर वापरला होता, जो सगळेच वापरतात. त्या बोर्डावर पाच व्होल्टचा एक छोटा रेग्युलेटर असतो आणि त्यातून बाहेर आलेले पाच व्होल्ट फुकटात मिळतात. त्या फुकटच्या पाच व्होल्टवर उनो, डिस्प्ले, लोडसेलचं एचएक्स७११ आणि सर्वो असा सगळा संसार चालला होता. तो रेग्युलेटर अर्ध्या अँपिअरचा. सर्वो जरा अडला की एकटाच त्याच्या वर जातो. लातूरकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. नळाला कुणी मोटर लावली की शेजारच्याची धार तुटते, हे २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या गावाला चांगलं ठाऊक आहे. इथेही तेच होत होतं. सर्वोने आणि मोटरने ओढ घेतली की पाचाचे चार, साडेतीन व्होल्ट होत.

आता यातला बारकावा. उनोवरची चिप २.७ व्होल्टच्या खाली गेलं की स्वतःहून रीसेट होते, म्हणजे निदान नव्याने सुरू तरी होते. पण १६ मेगाहर्ट्झवर नीट चालायला तिला पावणेचारच्या वर व्होल्टेज लागतं. मधल्या पट्ट्यात ती रीसेटही होत नाही आणि तिच्या कामाची खात्रीही देता येत नाही. हा पट्टा सगळ्यात धोक्याचा. मल्टिमीटरवर तो दिसतही नाही, कारण घसरण काही मिलिसेकंदांची असते आणि मीटर सरासरी दाखवतो. मीटरवर ४.९ दिसलं म्हणून निश्चिंत होणारी पोरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

डिस्प्लेवर मधूनच विचित्र अक्षरं यायची. अप्पा म्हणाले, "निजामाच्या काळातला दस्त वाटायलाय." ती अक्षरं उर्दू नव्हती, पण अगदीच अर्थहीनही नव्हती. या एलसीडीचं मूळ कंट्रोलर हिताचीचं, एचडी४४७८०, आणि त्याच्या अक्षरसाठ्यात जपानी काताकाना असते. चार तारांच्या पद्धतीत प्रत्येक अक्षर दोन तुकड्यांत पाठवलं जातं. मोटरच्या ठिणगीने एखादी खोटी पल्स डिस्प्लेत घुसली की तुकड्यांची जोडी चुकते. पहिल्याचा उत्तरार्ध आणि पुढच्याचा पूर्वार्ध मिळून भलतंच अक्षर तयार होतं आणि मग प्रत्येक अक्षर तसंच येत राहतं. डिस्प्लेला सुरुवातीची आज्ञावली परत दिल्याशिवाय ते सुधारत नाही. म्हणून अशा यंत्रात प्रत्येक पिशवीनंतर, मोटर बंद असताना, डिस्प्ले नव्याने सुरू करून घ्यावा. त्याला काही मिलिसेकंद लागतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दुरुस्ती म्हणून हे लाजिरवाणं वाटेल, पण खऱ्या दुरुस्तीसोबत असू द्यावं.

खरी दुरुस्ती अशी केली. १२ व्होल्टच्या एसएमपीएसमधून दोन वेगळ्या जाड जोड्या काढल्या. एक थेट मोटर ड्रायव्हरला आणि दुसरी एलएम२५९६ च्या बक कन्व्हर्टरला, ज्यातून उनो, डिस्प्ले आणि एचएक्स७११ यांना पाच व्होल्ट मिळतात. सर्वोला त्याचा स्वतंत्र कन्व्हर्टर. सगळ्यांचे ग्राउंड मात्र एसएमपीएसच्याच उणे टोकावर एकत्र आणले. मोटरचा परतीचा प्रवाह उनोच्या ग्राउंडमधून जाता कामा नये, हे महत्त्वाचं. ग्राउंड जोडलेच नाहीत तर काहीच चालणार नाही. साखळीसारखे एकातून दुसऱ्यात जोडले तर चालेल, पण मोटर लागली की डोलेल. मोटरच्या दोन टोकांवर, अगदी मोटरच्या बुडाशी, १०४ चा सिरॅमिक कंडेन्सर सोल्डर केला. ड्रायव्हरच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरॅडचा मोठा कंडेन्सर लावला. मोटरच्या तारांना पीळ दिला आणि त्या लोडसेलच्या तारांपासून वीतभर लांब नेल्या.

लोडसेलच्या तारेकडे जास्तच लक्ष द्या. पाच व्होल्टवर लोडसेल पूर्ण भाराला पाच-दहा मिलिव्होल्ट देतो. त्या तारेशेजारून मोटरची तार एकाच पट्टीत बांधून नेली, की आकडा वजनाचा न राहता मोटरचा होतो. पेटी नीटनेटकी दिसावी म्हणून पोरांनी सगळ्या तारा एकाच झिपटायमध्ये आवळल्या होत्या. परीक्षेला तसंच आवडतं.

एल२९८एन आम्ही काढूनच टाकला. तो स्वतः दोनेक व्होल्ट गिळतो आणि तेवढी उष्णता करतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली त्याच्या पाठीवर बोट टेकवत नाही. स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा तर दोन दिशांचा ड्रायव्हर हवाच कशाला? एक मॉसफेट आणि मोटरला उलटा लावलेला डायोड पुरतो. फक्त मॉसफेट लॉजिक लेव्हलचा घ्या, आयआरएलझेड४४एन घ्या. दुकानात आयआरएफझेड४४एन हातात ठेवतात आणि "एकच आहे" म्हणतात. एकच नाही. तो पाच व्होल्टवर अर्धवट उघडतो आणि तापतो. हैदराबादच्या कोटीतल्या गुजराती गल्लीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत नाव नीट लिहून न्या, नाहीतर दोन दिवस फुकट जातात.

इतकं करून आकडा स्थिर झाला, पण हमालाचा हात ज्याने धोक्यात घातला ते वेगळंच होतं. डिस्प्ले आय-टू-सी पद्धतीने, मागच्या पीसीएफ८५७४ च्या छोट्या बोर्डातून जोडला होता. दारापर्यंत लांब पट्टी नेलेली. या पद्धतीत उनोपासून त्या बोर्डापर्यंत निरोपाच्या दोनच तारा असतात आणि पाठवणारा समोरच्याच्या होकाराची वाट बघतो. मिलची मोठी मोटर सुरू होताना त्याच शेडमधला कॉन्टॅक्टर खटकन लागायचा. त्या धक्क्याने ओळ अडकली की प्रोग्राम होकाराची वाट बघत तिथेच थांबायचा. आणि मोटर चालवणारा उनोचा पाय, म्हणजे पिन? त्याला शेवटचा आदेश "चालू" असा होता. बंद कर म्हणायला कुणी उरलंच नाही.

डिस्प्ले ही यंत्रातली सगळ्यात बिनमहत्त्वाची वस्तू, पण तिच्या अडकण्याने मोटरचा ताबा सुटतो. याचा बंदोबस्त आधी करा, मग बाकीच्या सुधारणांकडे वळा. आर्डुइनोच्या वायर लायब्ररीत आता वाट बघायला मुदत घालता येते, पण ती स्वतः चालू करावी लागते. ती करा. चिपमधला वॉचडॉग एक-दोन सेकंदांवर लावा, म्हणजे प्रोग्राम गोठला तर चिप रीसेट होईल. रीसेटच्या त्या क्षणात सगळे पाय अधांतरी असतात, म्हणून मॉसफेटच्या गेटला ग्राउंडकडे १० किलोओहमचा रेझिस्टर लावा, तेव्हा मोटर आपोआप बंद राहील. काही जुन्या नॅनो बोर्डांत वॉचडॉगनंतर चिप रीसेटच्या चक्रात अडकते. बोर्ड बदलण्याआधी हे तपासून घ्या. आणि सगळ्यांच्या वर एक लाल मशरूम बटण, जे मोटरच्या १२ व्होल्टची तारच तोडेल. ते बटण प्रोग्रामला विनंती करणारं नको. पोरांनी आधी एक बटण दिलं होतं, पण ते उनोच्या एका पायावर जोडलेलं होतं. प्रोग्राम गोठल्यावर ते दाबून काय उपयोग?

आता वेळेचं भांडण. विजेची दुरुस्ती झाल्यावरही यंत्रात एक दोष उरला होता. पिशवीत दरवेळी जास्त डाळ, कधी ऐंशी ग्रॅम, कधी शंभराच्या पुढे. गटाच्या मते लोडसेल चुकत होता. प्रोग्राम उघडून पाहिला तर वजनाची दहा वाचनं घेऊन सरासरी काढायची ओळ होती. एचएक्स७११ मुळात सेकंदाला दहाच वाचनं देतं. म्हणजे एका सरासरीला पूर्ण एक सेकंद लागायचा आणि त्या सेकंदात प्रोग्राम दुसरं काहीच करत नव्हता. सेकंदाला शंभर ग्रॅम डाळ पडत असेल, तर एक किलो झालं हे कळेपर्यंत अकराशे ग्रॅम झालेलं असणारच. त्या चिपचा एक पाय वर जोडला की ती सेकंदाला ८० वाचनं देते. गोंगाट थोडा वाढतो, पण चालत्या तोंडाला तोच वेग हवा. आणि वाचन तयार आहे का, एवढंच विचारून पुढे जायचं, त्याच्यासाठी थांबायचं नाही.

त्याच चक्रात दर वेळी डिस्प्ले पुसून दोन्ही ओळी नव्याने लिहिल्या जात. आय-टू-सीच्या त्या बोर्डातून एक अक्षर लिहायला साधारण सव्वा मिलिसेकंद लागतो, बत्तीस अक्षरांना चाळीसच्या आसपास. माणसाला सेकंदाला चारपेक्षा जास्त आकडे वाचताही येत नाहीत. तेव्हा पाव सेकंदाला एकदा, तेही आकडा बदलला असेल तरच, आणि बदललेली अक्षरंच लिहायची. पुसायचं नाही. जुन्या आकड्यावर नवा आकडा उजवीकडून जागा भरून लिहिला की लुकलुकणंही थांबतं. डिले हा शब्द प्रोग्राममध्ये दिसला की मी तो खोडतो आणि त्या जागी मिलिसचा हिशेब लावायला सांगतो. कामाचा क्रम ठरलेला असावा: आधी वजन, लगेच मोटरचा निर्णय, आणि डिस्प्ले सगळ्यात शेवटी. लातूरच्या प्रोग्राममध्ये किलो पूर्ण झाल्यावर आधी "पिशवी भरली" असं लिहिलं जायचं आणि मग मोटर बंद व्हायची.

शेवटच्या पन्नास-साठ ग्रॅमला मोटर सावकाश करायची म्हटली तर ती ऐकेना, एक तर पूर्ण वेगाने फिरे नाहीतर बंद. इथे वीजही नाही आणि वेळही नाही, पायांची भाऊबंदकी होती. उनोवर सर्वोची लायब्ररी टायमर एक ताब्यात घेते आणि ९ व १० या पायांवरचं पीडब्ल्यूएम, म्हणजे वेग कमी-जास्त करायची सोय, बंद पडतं. मोटर नेमकी ९ वर. ती ५ वर नेली. सर्वो अधूनमधून थरथरत होता, त्याचंही कारण असंच. एचएक्स७११ ची घड्याळाची तार ६० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ वर राहिली तर ती चिप झोपी जाते, म्हणून लायब्ररी वाचनापुरते इंटरप्ट बंद ठेवते. तेवढ्यात सर्वोची पल्स लांबते. झडप हलत नसेल तेव्हा सर्वो सोडून देणं, हा त्यावरचा साधा तोडगा. एलसीडीचं शील्ड आणि एल२९३डी मोटर शील्ड एकावर एक चढवणाऱ्यांनी तर आधी दोन्हींच्या पायांची यादी शेजारी शेजारी लिहून बघावी. दोघांना बरेच पाय सारखेच हवे असतात.

रेषेवरून धावणारी गाडी करणाऱ्यांची तक्रार निराळी असते. ओलेड लावल्यापासून गाडी वळणावर रेषा सोडते म्हणतात. १२८ बाय ६४ चा तो स्क्रीन एका चित्राला १०२४ बाइट घेतो, आणि उनोची सगळी रॅम २०४८. अर्धी तिथेच गेली. शिवाय आय-टू-सी १०० किलोहर्ट्झवर असेल तर एक चित्र पाठवायला सेकंदाचा दहावा भाग. गाडी सेकंदाला अर्धा मीटर धावत असेल तर तेवढ्यात ती पाच सेंटिमीटर डोळे मिटून जाते, आणि रेषा असते दोन-तीन सेंटिमीटर रुंद. धावताना स्क्रीन बंद ठेवा, थांबल्यावर दाखवा.

मग एकाच चिपवर दोन्ही ठेवूच नयेत का? तसं नाही. थ्रीडी प्रिंटर बघा. मार्लिन हा प्रोग्राम एका आर्डुइनो मेगावर चार-पाच स्टेपर मोटर आणि वर ग्राफिक डिस्प्ले चालवतो, तासन्‌तास. तिथे मोटरचं प्रत्येक पाऊल टायमरच्या इंटरप्टमधून पडतं आणि स्क्रीनला उरलेला वेळ मिळतो. पण तेवढं लिहायची तयारी नसेल, आणि पदविकेच्या शेवटच्या महिन्यात ती नसते, तर दोन नॅनो घ्या. एक मोटर आणि वजन बघेल, दुसरा नुसता आकडा दाखवेल. मधे एकच तार, पहिला बोलेल आणि दुसरा ऐकेल. डिस्प्लेवाला मेला तरी पहिल्याला पत्ता लागत नाही. लातूरला आम्ही शेवटी हेच केलं. काही शिक्षकांना दोन चिप म्हणजे कमीपणा वाटतो. मला वाटत नाही.

पेटीची जागाही बदलली. ती स्टार्टरच्या पॅनेललगत होती, तिला समोरच्या भिंतीवर नेलं आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर बसवला. चाचणी घेताना मात्र एक पथ्य पाळलं. मिल बंद असताना यंत्र तपासायचं नाही. अप्पांना विनंती करून मोठ्या मोटरा मुद्दाम चालू-बंद करायला लावल्या, भरती चालू असताना लाल बटण दाबून पाहिलं, डिस्प्लेची तार चालत्या यंत्रातून उपसून पाहिली. तार उपसल्यावर मोटर बरोबर किलोला थांबली तेव्हा पोरांच्या तोंडावर हसू आलं.

एक गोष्ट कायद्याची. असं घरचं यंत्र पिशवी भरायला चालतं, विकायचं वजन ठरवायला चालत नाही. २००९ च्या वैधमापन कायद्याप्रमाणे व्यवहारातला काटा पडताळणी होऊन शिक्का मारलेला असावा लागतो. म्हणून भरलेली प्रत्येक पिशवी मापाड्यांच्या शिक्क्याच्या काट्यावरून जाते, आणि दोन्ही आकड्यांत पाच ग्रॅमपेक्षा जास्त फरक दिसला की ते यंत्राचं लाल बटण दाबतात आणि मला फोन लावतात.